ब्राह्मी कोणती, किती आणि कुणी घ्यायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की, आणि पुन्हा २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या आसपास, आरोग्य पुरवण्यांत ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या वनस्पती’ हा मजकूर हमखास येतो. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, जटामांसी, मालकांगोणी, वेखंड, हळद अशी नावे एका दमात सांगून होतात आणि शेवटी ‘वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे’ अशी एक ओळ टाकली की लेख संपतो. नेमकी कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या रूपात, दिवसाला किती आणि कुणावर तपासलेली, या पाच गोष्टी त्यात बहुधा नसतात. त्या नसल्या तर वाचकाने करायचे काय? वनस्पतींत दम नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ब्राह्मीच्या बाजूने तर बऱ्यापैकी पुरावा आहे. तो कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे वाचकापर्यंत पोचत नाही म्हणून हे पत्र.

सुरुवात ओळख पटवण्यापासूनच करावी लागते. मुंबईत ब्राह्मी मागितली की दोन निरनिराळ्या वनस्पती हातात पडतात. बाजारात जुडीने मिळते ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. तिचे पान रुपयाएवढे, गोलसर, देठाकडे खाच असलेले, कडा बारीक दातेरी. देठ लांब, आणि देठ पानाला मिळतो त्या बिंदूपासून शिरा सगळीकडे फाकलेल्या. वनस्पतिशास्त्रात ही सेंटेला एशियाटिका. परदेशांतल्या ज्या चाचण्यांचे दाखले दिले जातात त्या मात्र दुसऱ्या वनस्पतीच्या, नीरब्राह्मीच्या, म्हणजे बॅकोपा मोनिएरीच्या. ही पाणथळ जागी जमिनीसरशी पसरते. पाने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, जाड, मांसल, जवळजवळ बिनदेठाची आणि समोरासमोर जोडीने; फूल एकेकटे, पांढरे किंवा फिकट जांभळे. पान चावले तर कडू लागते आणि तो कडवटपणा जिभेवरून लवकर जात नाही. दोन्हींची कुळे वेगळी, रसायने वेगळी: नीरब्राह्मीत बॅकोसाइड, मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड. चरकाने चिकित्सास्थानात मेध्य रसायने, म्हणजे बुद्धिवर्धक औषधे, म्हणून चार द्रव्ये सांगितली आहेत, मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा पिळलेला रस), दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटलेला लगदा). नीरब्राह्मी त्या चारांत नाही. तेव्हा मंडूकपर्णी कमअस्सल आहे असे कुणी समजू नये. फक्त एकीवर झालेल्या चाचणीचे श्रेय दुसरीला देता येत नाही.

ताजी वनस्पती असेल तर वरच्या खुणांवरून कुणालाही फरक कळेल. चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी कळत नाही. चूर्ण पाण्यात हलवून फेस आला की माल अस्सल, असे काही काष्ठौषधीवाले सांगतात. त्यात तथ्य नाही, कारण फेस सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ द्रव्यांमुळे येतो आणि सॅपोनिने दोन्हींत आहेत. फरक पाहायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहाव्या लागतात किंवा टीएलसीची, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणारी, पट्टी काढून शुद्ध नमुन्याशी ताडून पाहावी लागते. शंखपुष्पीचा घोळ तर आणखी मोठा. ग्रंथोक्त म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस धरली जाते, पण त्याच नावाखाली विष्णुक्रांता आणि काही भागांत चक्क गोकर्णही विकली जाते.

आता चाचण्या; इथून पुढे नुसते ब्राह्मी म्हटले की नीरब्राह्मी समजावी. ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी प्रौढांना नीरब्राह्मीचा प्रमाणित अर्क दिवसाला ३०० मिलिग्रॅम असा १२ आठवडे दिला. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा पाहिलेली माहिती हाताळण्याचा वेग आणि शिकण्याचा वेग सुधारला. तिथेच २००२ साली ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवर झालेली चाचणी आम्हांला जास्त बोलकी वाटते. त्यात नवे शिकण्याच्या वेगात फरक पडला नाही. शिकलेले विसरण्याचा वेग मात्र कमी झाला. अमेरिकेत २००८ साली ६५ वर्षांवरील ५४ जणांत तोच ३०० मिलिग्रॅमचा डोस १२ आठवडे दिल्यावर ऐकलेले शब्द काही वेळाने आठवून सांगण्याची क्षमता थोडी वाढली. आता दुसरी बाजू. हाच ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन दोन तासांनी चाचणी घेतली तेव्हा काहीही फरक दिसला नाही. म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री मुलाला दोन कॅप्सूल देणे हे निव्वळ पालकांच्या समाधानासाठी. शिवाय सुधारणा दाखवणाऱ्या या तिन्ही चाचण्या पन्नास-पाऊणशे माणसांच्या आणि तीन महिन्यांच्या आहेत. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या रुग्णाला ब्राह्मीने बरे वाटते, किंवा पुढे होणारा डिमेन्शिया टळतो, असे त्यांतल्या एकीनेही दाखवलेले नाही. निरोगी प्रौढ माणसाची काही बाबतींतली आठवण किंचित टिकाऊ होते, इतकेच त्यांतून म्हणता येते, आणि आमच्या मते तेही काही थोडके नाही.

त्रासही चाचण्यांतच नोंदलेला आहे: वरचेवर शौचाला होणे, पोटात मुरडा, मळमळ. सॅपोनिने आतड्याच्या अस्तराला चाळवतात. उपाशीपोटी घेतल्यास हे जास्त होते, म्हणून जेवणानंतर, दूध-तुपाबरोबर घेण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे.

त्या ३०० मिलिग्रॅमचा नीट विचार करायला हवा, कारण सगळी फसगत तिथेच होते. २००२ च्या चाचणीतला ३०० मिलिग्रॅम अर्क हा सुमारे ६ ग्रॅम सुक्या वनस्पतीइतका होता. ताज्या वनस्पतीत दहातले नऊ भाग पाणी, म्हणजे सहा ग्रॅम सुक्यासाठी ५० ते ६० ग्रॅम ताजी लागते. आता एखाद्या सिरपचे लेबल घ्या. समजा त्यावर लिहिले आहे, प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये ब्राह्मी १०० मिलिग्रॅम, आणि डोस दोन चमचे दोन वेळा. दिवसाचे २० मिलिलिटर झाले, त्यात ब्राह्मी ४०० मिलिग्रॅम. हे चूर्णाच्या हिशेबाने असेल तर चाचणीतल्या मात्रेच्या पंधराव्या हिश्शाएवढे. त्याच २० मिलिलिटरमध्ये पाकाची साखर मात्र १० ग्रॅमच्या पुढे सहज जाते. मधुमेही आजोबांना ‘डोक्याचे टॉनिक’ म्हणून हे रोज पाजणारी घरे मुंबईत कमी नाहीत. लेबलवरचा तो आकडा चूर्णाचा आहे की अर्काचा, आणि अर्काचा असेल तर किती पट, हे छापलेले नसेल तर ती बाटली दुकानातच ठेवावी.

किती पट याचीही एक गंमत आहे. अर्क काढायची साधारण पद्धत अशी: सावलीत किंवा ५०-६० अंशांखाली वाळवलेले पंचांग, म्हणजे मुळासकट सगळी वनस्पती, जाडसर भरडायचे, ७० ते ८० टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी अशा मिश्रणात साधारण ६० अंशांवर दोन-तीन वेळा काढायचे, गाळायचे, कमी दाबाखाली अल्कोहोल उडवून लावायचे आणि उरलेला घट्ट लगदा वाळवून पूड करायची. नुसत्या पाण्यात काढले तर क्षार, साखर, डिंक भरपूर उतरतात, वजन वाढते आणि बॅकोसाइडचे प्रमाण खाली येते. वर फेस इतका येतो की भांडे उतू जाते. उष्णता जास्त आणि आम्ल असेल तर बॅकोसाइडच्या रेणूला जोडलेली साखर तुटते आणि मूळ रेणू उरत नाही. कोरडी पूड दमट हवेत पाणी ओढते आणि तिचे गठ्ठे होतात, म्हणून कारखान्यात तिच्यात माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली भर मिसळतात. किती मिसळले हे बाहेर कुणालाच कळत नाही. त्यामुळे ‘१०:१ अर्क’ एवढ्या शब्दांना काही किंमत नाही. दहा किलो झाडापासून एक किलो पूड झाली, एवढेच त्यातून समजते. त्या पुडीत काय आहे ते समजत नाही.

म्हणून ‘बॅकोसाइड अमुक टक्के’ हे वाक्य शोधायचे. तिथेही मोजले कसे ते विचारायला हवे. जुनी स्वस्त पद्धत म्हणजे अर्क आम्लात उकळून अतिनील प्रकाशात वाचन घेणे. त्या प्रकाशात जे जे काही शोषले जाते ते सगळे बॅकोसाइडच्या खात्यावर जमा होते. एचपीएलसी या यंत्रावरच्या तपासणीत घटक वेगवेगळे होऊन मोजले जातात, त्यामुळे आकडा खरा पण लहान येतो. अतिनील पद्धतीने ‘५० टक्के’ असलेली पूड एचपीएलसीवर निम्म्याच्या खालीही भरू शकते, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असतात. दोन कंपन्यांची तुलना करताना पद्धत एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय टक्क्यांवरून भाव ठरवू नये.

ब्राह्मी तेलाबद्दल दोन ओळी पुरेत. बॅकोसाइडच्या रेणूचे वजन ९०० च्या आसपास आहे आणि साधारण ५०० च्या वरचे रेणू धड त्वचेतून आत जात नाहीत, मग टाळू आणि कवटी ओलांडून मेंदूपर्यंत जाणे लांबच. डोक्याला तेल चोळून घेतल्याने झोप चांगली लागते आणि चांगल्या झोपेने आठवण सुधारते. ते श्रेय मालिश करणाऱ्या हाताचे.

ब्राह्मी घृताची गोष्ट वेगळी, ते पोटातून घ्यायचे औषध आहे आणि पुष्कळ घरांत अजून बनते. प्रमाण कल्क एक भाग, तूप चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे १०० ग्रॅम कल्काला ४०० ग्रॅम तूप आणि १ लिटर ६०० मिलिलिटर स्वरस. मंद आचेवर, ढवळत, बूड लागू न देता आटवायचे. तुपावरचा फेस बसला, कल्क बोटांत घेऊन वळला की त्याची वात होते, आणि ती वात ज्योतीवर धरली तर चरचर आवाज येत नाही, या तीन खुणा जुळल्या की उतरवायचे. चरचर आली तर पाणी उरले आहे. असे तूप मुंबईच्या हवेत पंधरवड्यात वास मारते आणि बुरशी धरते. वात वळण्याऐवजी चुरा होऊ लागला तर पाक पुढे गेला, कल्क करपला. तेल सिद्ध करताना याच्या उलट शेवटी फेस उसळतो, आणि तेलाचा सराव असलेल्यांची तुपात गफलत होते ती इथेच. मात्र अशा तुपात बॅकोसाइड किती उतरले हे आच, वेळ आणि पाण्याचा अंश यांवर अवलंबून असते, म्हणून कॅप्सूलच्या चाचणीचा निष्कर्ष या बरणीला चिकटवू नये.

ताजी ब्राह्मी वापरणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना. नीरब्राह्मी पाणथळीत वाढते आणि पाण्यातले, चिखलातले कॅडमियम, शिसे, क्रोमियम, पारा मोठ्या प्रमाणात शोषून अंगात साठवते. दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, यावर संशोधन झाले आहे ते याच गुणामुळे. मुंबईत रुळांकडेला आणि नाल्यांच्या काठी सांडपाण्यावर पिकणाऱ्या भाज्यांची तक्रार जुनी आहे. तशाच जागेवरची ब्राह्मी ही भाजीपेक्षा वाईट, कारण मेंदू सांभाळायला म्हणून घेतलेल्या वनस्पतीतून मेंदूलाच घातक शिसे रोज पोटात जाईल. धुतल्याने ते जात नाही, ते पेशींत असते. आयुष औषधांसाठी कच्च्या वनस्पतीत शिसे दशलक्षात १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग अशी कमाल मर्यादा आहे. चांगला उत्पादक प्रत्येक घाण्याचा हा अहवाल मागितल्यावर देतो.

त्यापेक्षा खिडकीत लावणे सोपे. नर्सरीतून खात्रीचे रोप आणून त्याचे चार-पाच इंची कोंब तोडायचे, गाळाची माती आणि कुजलेले शेणखत भरलेल्या उथळ, पसरट कुंडीत आडवे दाबायचे. माती सतत चिंब हवी, अर्धा दिवस ऊन पुरते. जूनपासून दिवाळीपर्यंत ती फोफावते, एप्रिल-मेच्या पश्चिमेच्या उन्हात करपते, तेव्हा कुंडी आत घ्यावी. पाणी वर साचू देऊ नका: ब्राह्मीला चालते, पण डासांनाही चालते, आणि महापालिकेचे कीटकनाशक खात्याचे कर्मचारी अशी तबके शोधतच फिरतात. रस काढायचा तर शेंडे खुडून तीन पाण्यांत धुवायचे, खलबत्त्यात ठेचून फडक्यातून पिळायचे. स्वरसाची रूढ मात्रा १० ते २० मिलिलिटर, जेवणानंतर. काढला की लगेच प्यायचा. आठवड्याचा एकदम काढून फ्रिजमध्ये ठेवला तर तो आंबतो. चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम. तेही पावसाळ्यात कागदाच्या पुडीत ठेवू नये, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे आणि कुबट वास आला तर टाकून द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो मुंबईचाच आहे. परळच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, दोन रुग्णांचे झटके फेनिटॉइन ही गोळी चालू असताना अनपेक्षितपणे पुन्हा सुरू झाले. ते शंखपुष्पी असलेले आयुर्वेदिक सिरपही घेत होते. तिथल्या औषधशास्त्र विभागाने उंदरांवर प्रयोग करून पाहिले. सिरपचे अनेक डोस बरोबरीने दिल्यावर रक्तातली फेनिटॉइनची पातळी खाली आली आणि झटके रोखण्याचा तिचा गुणही कमी झाला. हे १९९२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीस वर्षे उलटली तरी शंखपुष्पीवरच्या मराठी लेखांत ही गोष्ट आम्हांला क्वचितच दिसते. ज्या घरात कुणाला फिट्स येतात, तिथेच ‘मेंदूचे टॉनिक’ आणले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, हे लक्षात घेतले तर ही उणीव केवढी महागात पडू शकते ते कळेल.

अशा आणखी जोड्या आहेत. गिंको या चिनी झाडाच्या पानांचा अर्क रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तो निदान दोन आठवडे आधी बंद करून सर्जनला सांगावे. ब्राह्मी आणि अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिल, दोन्हींचा कल ॲसिटिलकोलीन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन वाढवण्याकडे. एकत्र घेताना नाडी मंदावते का, चक्कर येते का, हे पाहायला हवे. अश्वगंधा थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर आणि गरोदरपणात विचारल्याशिवाय नको. अश्वगंधेचे मूळ वापरायचे असते. पाने स्वस्त पडतात म्हणून अर्कात घातली जाऊ लागली, तेव्हा २०२१ साली आयुष मंत्रालयाला पाने वापरू नका असे उत्पादकांना कळवावे लागले. लेबलवर ‘मूळ’ हा शब्द आहे का, ते पाहा. ज्येष्ठमध महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. गुळवेलीबाबत २०२० च्या अखेरीस मुंबईतच सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असावी असे म्हटले. ते खरे मानले तरी आमचा मुद्दा बळकटच होतो: बाजारात वेल ओळखून कोण देतो?

वेखंड तान्ह्या बाळाच्या गुटीत ‘बुद्धी तल्लख व्हावी, बोल लवकर फुटावेत’ म्हणून सहाणेवर उगाळतात. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन भरपूर असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. आयुर्वेदिक फार्माकोपियानेही मोठ्या माणसाला चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम इतकीच दिली आहे. एक-दोन ग्रॅम दिले तर ते ओकारी काढायचे औषध होते. सहाणेवरचे दोन वेढे म्हणजे किती मिलिग्रॅम, हे काडी किती ओली आणि हात किती जड यावर ठरते. बाळाला वेखंड नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे. जटामांसी हिमालयात अतिसंकटग्रस्त झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. स्वस्त जटामांसी दिसली तर ती जटामांसी नाही असे धरून चालावे.

हळदीचे दूध स्मरणशक्तीसाठी पिणाऱ्यांनी एक हिशेब करावा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळदीत ते ४५ मिलिग्रॅम, आणि त्यातले रक्तात पोचते ते नगण्य. बंगळुरूत १९९८ साली दाखवले गेले की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले पिपेरिन २० मिलिग्रॅम दिले तर शोषण वीसपट वाढते. मग सगळ्या कॅप्सूलांत पिपेरिन आले. पण ते फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन या औषधांचेही शोषण वाढवते, आणि अशा तीव्र कर्क्युमिन कॅप्सूलांनंतर कावीळ झाल्याच्या नोंदी इटली आणि ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. आमटीतल्या हळदीला यातले काही लागू नाही.

वनस्पतीतून मेंदूचे औषध निघतच नाही असे कुणी म्हणू लागले तर गॅलंटामिनकडे बोट दाखवावे. स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातले हे अल्कलॉइड १९५० च्या दशकात बल्गेरियात औषध म्हणून पुढे आले आणि २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झाले. सुरुवात ४ मिलिग्रॅम दोन वेळा, चार आठवड्यांनी वाढ, दिवसाला २४ मिलिग्रॅमपर्यंत: मात्रा इतकी नेमकी, कारण रेणू एक आहे आणि तो मोजता येतो. तरीही ते आजार थांबवत नाही, काही काळ लक्षणे सावरते. याच्या उलट गिंको. त्याच्या प्रमाणित अर्कात २४ टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन असतात. गुणवत्तेत काही कमी नव्हती. अमेरिकेत ७५ वर्षे आणि वरच्या ३,०६९ जणांना १२० मिलिग्रॅम दोन वेळा, सरासरी सहा वर्षे देऊन पाहिले. २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया टळला नाही. छोट्या चाचण्यांत चमकलेली वनस्पती मोठ्या चाचणीत अशी कोरडी निघू शकते. ब्राह्मीची तेवढी मोठी परीक्षा अजून व्हायची आहे.

आणि विसराळूपणा वाढला म्हणून कुठलीही वनस्पती सुरू करण्याआधी रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्याव्यात, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच. शाकाहारी, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्रॅझोल घेणारे, यांच्यात बी-१२ घटलेले असणे अगदी सामान्य आहे, आणि ते वेळेवर भरून काढले तर आठवण सुधारते. फार उशीर झाला तर नसांचे नुकसान कायमचे राहते. तीन महिने ब्राह्मी घेत वाट पाहण्यातला धोका हाच. झोपेसाठी अल्प्राझोलाम, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन अशा गोळ्या वृद्धांत विस्मरण आणतात. ऐकू कमी येणाऱ्याला विसरभोळा ठरवले जाते. पडल्यानंतर काही आठवड्यांत गोंधळ सुरू झाला तर डोक्यात रक्त साचले आहे का, हे स्कॅन करून त्याच दिवशी पाहावे लागते.

जाहिरातींबद्दल शेवटचे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत ‘मेंदूचे रोग व विकार’ आहेत, आणि औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये बुद्धीची क्षमता व स्मरणशक्ती वाढवण्याचा दावाही आहे. ‘एकाग्रतेला साथ’ अशी शब्दरचना जाहिरातीत दिसते ती उगाच नव्हे. आमची विनंती एवढीच की आपल्या पुरवणीत अशा वनस्पतीवर मजकूर येईल तेव्हा लेखाशेजारी एक चौकट द्यावी. तीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव देवनागरीत, वापरायचा भाग, रूप आणि रोजची मात्रा, चाचणी कोणत्या वयाच्या किती माणसांवर किती आठवडे झाली, आणि कोणत्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, एवढे असावे. शंखपुष्पीच्या चौकटीत फेनिटॉइनचे नाव ठळक टाइपात असावे. लेखकाला ही चौकट भरता येत नसेल तर तो लेख परत पाठवावा.

आपले,
औषधी वनस्पती आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे दोन अध्यापक,
मुंबई